ललितभाऊंचा गुरुवार

घोडेगावच्या बाजारात ललितभाऊंच्या दुकानात शिरलं, की ते नाव विचारायचे नाहीत, गाव विचारायचे नाहीत, बसा म्हणायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पहिला प्रश्न यायचा, "बंद केला व्हता का लाईट गेली?"

माणूस सांगत राहायचा की मशीन चालूच होत नाही, पडद्यावर काळं दिसतंय. ललितभाऊ ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच, "ते मी बघतो. आधी सांग, बंद केला का लाईट गेली?" हा प्रश्न त्यांनी तलाठ्याला विचारला, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारला. एकदा तर एका पाहुण्याला विचारला, ज्याचा मोबाईल धरणात पडला होता.

मी दत्ता, शिनोलीचा. लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. माझा स्टुडिओ त्यांच्या दुकानासमोर, मधे फक्त रस्ता. त्यामुळे या माणसाचं बोलणं मी अठरा वर्षं ऐकलं, आणि त्यातलं निम्मं मलाच उद्देशून होतं. माझा स्वभाव तापट, त्यांचा थंड. मी चिडलो की ते साखर कमी घातलेला चहा मागवायचे. मला साखर लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ललितभाऊंचं घराणं मूळचं राजस्थानातलं. आजोबा इकडं आले आणि घोडेगावचेच झाले. ललितभाऊंना मारवाडी यायची ती आईशी वाद घालण्यापुरती. चिडणं, हसणं, चिमटे काढणं सगळं आमच्या मराठीत. पुढं थोरल्या भावाचं साड्यांचं दुकान आणि मागच्या कोठीत ललितभाऊंचे कॉम्प्युटर. हार्ड डिस्क घेऊन जायचं तर साड्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत जावं लागे. बायका पदर पसरून रंग बघत असायच्या आणि आमच्यासारखे लोक हातात मेलेली डिस्क धरून, तोंड पाडून मधनं जायचे.

कोठीत भिंतीवर एक पाटी होती, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेली: "गिऱ्हाईकाची एकही फाईल या दुकानात राहत नाही." काम झालं की ते तुमच्यासमोर आपल्याकडची कॉपी पुसायचे आणि रिकामा फोल्डर उघडून दाखवायचे. म्हणायचे, "डिस्क म्हणजे माणसाच्या घरातलं कपाट. दुरुस्तीला दिलं म्हणून सुताराला आतले कपडे बघायचा हक्क येत न्हाई." तालुक्यात त्यांच्यावर भरवसा होता तो या पाटीमुळं. लोक लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, कोर्टाचे कागद बिनधास्त टाकून जायचे.

आता गुरुवारचं सांगतो. आमच्याकडं गुरुवारी लाईट जाते. तारांची दुरुस्ती असते म्हणतात. सकाळी जाते आणि दुपारी कधीतरी येते. अख्खा बाजार त्या दिवशी वैतागलेला. पिठाची गिरणी बंद, झेरॉक्स बंद, माझा स्टुडिओ बंद. फक्त एक माणूस आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून लाईट जायची वाट बघत बसलेला असायचा, तो म्हणजे ललितभाऊ.

कोठीच्या कोपऱ्यात त्यांनी एक जुनं मशीन ठेवलं होतं. त्याला पाच डिस्का जोडलेल्या आणि इन्व्हर्टर मुद्दाम जोडलेला नाही. प्रत्येक डिस्कवर पट्टी चिकटवलेली: फॅट, एनटीएफएस, ईएक्सटी-फोर, आणि शेवटच्या दोघींवर मिळून झेडएफएस. ही सगळी फाईलसिस्टीमची नावं. मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा औषधांची वाटली.

मी विचारलं, फाईलसिस्टीम म्हणजे नेमकं काय? तेव्हा त्यांनी सांगितलं, "डिस्क म्हणजे नुसतं वावर. कुठं काय पेरलंय, बांध कुठं, वाट कुठं, हे ध्यानात ठेवायची जी रीत, ती फाईलसिस्टीम. वावर तेच, पण रीत बदलली की भरवसा बदलतो."

गुरुवारी सकाळी ते चारही रीतींवर एकच फोल्डर कॉपी करायला लावायचे. कॉपी अर्ध्यात असताना लाईट जायची. दुपारी लाईट आली की कोण कशी उठते ते बघायचं आणि पुठ्ठ्यावर मांडायचं. या नवीन कॉपीशिवाय प्रत्येक डिस्कवर त्याच फोल्डरची एक जुनी कॉपी होती. तिला कधी हात लावायचा नाही, फक्त तपासायची. नवी कॉपी, लाईट काय करते ते बघायला आणि जुनी कॉपी, काळ काय करतो ते बघायला. एखाद्या गुरुवारी लाईट गेलीच नाही तर माणूस बेचैन. शेवटी स्वतःच प्लग ओढायचे, पण तोंड वाकडं करून. "आपण ओढतो त्यात मजा न्हाई, दत्ता. आपल्याला आधी माहीत असतं ना."

निकाल सांगताना ते घरातल्या सुनांविषयी बोलावं तसं बोलायचे. फॅट सगळ्यात जुनी, सगळ्यांशी गोड. कॅमेरा, टीव्ही, गाडीतला टेप, कुठंही चालते, पण अर्ध्यात लाईट गेली की काय करत होते हेच तिला आठवत नाही. एनटीएफएस आणि ईएक्सटी-फोर शहाण्या. काय करणार ते आधी लिहून ठेवतात आणि मग करतात. लाईट गेली तर उठून आपलंच लिहिलेलं वाचतात आणि घर लावून घेतात. "पण बांध नीट आहेत म्हंजे पीक नीट आहे असं न्हाई," ते बोट वर करायचे. "आतला दाणा किडला तर ह्यांना कळत न्हाई." झेडएफएसचं नाव काढलं की आवाज खाली यायचा. ती जुन्यावर कधी लिहीत नाही. नवीन जागी पूर्ण लिहून झालं की मगच जुनं सोडते. आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा ठेवते, अंगठ्याच्या ठशासारखा. वाचताना ठसा जुळला नाही तर सरळ सांगते की हे चुकलंय, आणि दुसऱ्या डिस्कवरचं चांगलं उचलून दुरुस्त करते.

"मग सगळ्यांनी तीच वापरावी की," मी म्हणालो.

"तिला मशीन दणकट लागतं, डिस्का दोन लागतात आणि चालवणारा जागा लागतो. तू कुठं जागा असतोस?"

हा टोला मला लागायचं कारण होतं. लग्नात घाई असते राव. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत असताना मी कार्ड ओढून काढायचो. कॅमेरा लिहीत असतो म्हणून तो दिवा लुकलुकतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डिंगोऱ्यातल्या एका लग्नात असंच ओढलं आणि अख्ख्या हळदीतला नवरदेव गायब झाला. ललितभाऊंनी दोन दिवस बसून तुकडा तुकडा गोळा केला, नवरदेव परत आणला आणि कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "माणूस बोलत असताना त्याच्या तोंडावर हात ठेवतोस का तू? मग दिवा विझेपर्यंत थांबत जा." मी हो हो म्हणालो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ओढलं.

पुण्याहून एकदा एक विक्रेता आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, हातात चकचकीत पेटी. म्हणाला, यात ठेवलेला डेटा कधीच जात नाही. ललितभाऊंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, पेटी मशीनला जोडली आणि फोटोंचा फोल्डर कॉपीला लावला. बिचारा चहावर फुंकर घालत होता तेवढ्यात ह्यांनी शांतपणे प्लग ओढला. तो इतका दचकला की बशीत चहा सांडला. मशीन पुन्हा चालू केलं तर सगळे फोटो जागेवर, नावं बरोबर. विक्रेत्याचा चेहरा खुलला. ललितभाऊंनी मधला एक फोटो उघडला. वर डोंगर आणि खाली नुसता करडा पट्टा.

"गेला न्हाई खरा," ते म्हणाले, "पण आला पण न्हाई. कधीच जात न्हाई म्हणणाऱ्यापेक्षा, गेलं तर सांगीन म्हणणारी मला बरी वाटती." विक्रेत्याला त्यांनी दुसरा चहा पाजला आणि एसटीपर्यंत सोडायला गेले.

त्यांचं आणखी एक होतं. भाद्रपदात जैनांची संवत्सरी येते. त्या दिवशी कडक उपास, आणि वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची, "मिच्छामी दुक्कडं" म्हणून. हल्ली लोक मोबाईलवरून एकच निरोप सगळ्यांना पाठवून मोकळे होतात. ललितभाऊंची रीत वेगळी. ज्यांचा डेटा त्यांना वाचवता आला नाही त्यांची नावं एका पुठ्ठ्यावर असायची. दुसऱ्या दिवशी पारणं झालं की पुठ्ठा खिशात घालून ते निघायचे आणि एकेकाच्या दारात जाऊन हात जोडायचे. डिस्क त्या माणसानंच आपटलेली असायची, तरी क्षमा हे मागायचे.

पेठेत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी आयुष्यभर शिकवलेल्या मुलांची नावं आणि प्रत्येकापुढं एक ओळ, अशी यादी टाईप केली होती. पेनड्राईव्ह गेला. ललितभाऊंना अर्धीच यादी मिळाली. पहिल्या वर्षी ते क्षमा मागायला गेले, तर गुरुजी म्हणाले, "न्हाई करत माफ. पुढच्या वर्षी ये." दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. दर वर्षी चहा पाजायचे, आठवलेली दहावीस नावं सांगायचे, ललितभाऊ लिहून घ्यायचे आणि गुरुजी माफ न करता परत पाठवायचे. मला राग आला. एका लग्नात गुरुजी भेटले तेव्हा मी बोललोच. तर म्हातारा हसला. म्हणाला, "माफ केलं तर येईल का रं तो?"

माझ्याकडं तर ते दर वर्षी यायचे. यादीत माझं नाव नव्हतं, कारण माझं जे गेलं ते त्यांनी बहुतेक परत आणलं होतं. तरी यायचे, हात जोडायचे, जरा जास्त वेळ उभे राहायचे. मी म्हणायचो, अहो ललितभाऊ, तुम्ही माझं काय वाईट केलंय? ते म्हणायचे, "असंल काहीतरी." आणि रस्ता ओलांडून जायचे.

गुरुवारी दुपारी लाईट आल्यावर ते कानाला हेडफोन लावून बसायचे, डोळे पडद्यावर, ओठ हलतायत, उजवा हात हळूच डावीकडं जातोय, उजवीकडं जातोय. पाऊण तास कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांचा थोरला भाऊ सांगायचा, जाप चाललाय, थांबा. कुणी अडवायचं नाही. मी एकदा विचारलं, परीक्षेला कसला फोल्डर वापरता? म्हणाले, "आहे एक. खोट्या फाईलीवर खरी परीक्षा होत न्हाई." आणि लगेच चहाचं काढलं. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

आता हिराबाईंचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, एसटी जिथून माघारी वळते, तिथल्या वाडीत त्यांचं घर. नवरा लवकर गेला म्हणून त्या वडिलांकडं परत आलेल्या. उतारावर नाचणी, खाली खाचरात भात, कडेला हिरड्याची झाडं. चार पिढ्या कसतायत, पण जमीन कागदावर वनखात्याची. वडिलांनी, म्हणजे कोंडाजीबाबांनी, वनहक्काचा दावा घातला होता. म्हातारं माणूस वहिवाटीची हद्द स्वतः दाखवतं, तो जबाब पुरावा म्हणून धरतात. म्हणून सात वर्षांपूर्वी बाबांनी मला वर बोलावलं. हातात काठी घेऊन ते पुढं चालले आणि मी कॅमेरा घेऊन मागं. एक एक धोंडा, एक एक झाड दाखवत, पाऊण तास बोलत बोलत अख्खी हद्द चालले. शूटिंग करून मी पेनड्राईव्ह त्यांना दिला, एक कॉपी माझ्या डिस्कवर ठेवली आणि दुसरी आणखी एका डिस्कवर.

दावा तेव्हा पुढं सरकलाच नाही. बाबा वारले. मग एक दिवस कागद आला की वहिवाटीचा पुरावा अपुरा आहे, दावा नामंजूर. हिराबाईंनी अपील केलं. सुनावणी सोमवारी कचेरीत आणि त्या माझ्या दारात आल्या गुरुवारी. पेनड्राईव्ह बियाण्याच्या डब्यात ठेवलेला, सात पावसाळे खाऊन गंजलेला.

"भाऊ, तुमच्याकडं असंल ना? मधी वढ्याला पूर आला तवा तिसरा धोंडा वाहून गेला. आता कुनीबी म्हनतं हद्द अलीकडं व्हती. बाबाचं बोलनंच तेवढं ऱ्हायलंय."

मी छाती काढून म्हणालो, दोन कॉप्या आहेत. लाईट आल्याबरोबर डिस्क लावली. फाईल होती, नाव बरोबर, आकार बरोबर. उघडली. बाबा पहिल्या धोंड्यापाशी उभे राहिले, दोन पावलं टाकली आणि पडदा हिरव्या-जांभळ्या चौकटींनी भरून गेला. आवाज खरखरला आणि बंद. दुसरी डिस्क लावली. तिथंही दोन पावलं आणि तेच.  हिराबाईंकडं बघायची हिंमत झाली नाही. दोन्ही डिस्का उचलल्या आणि रस्ता ओलांडला. त्या मागोमाग आल्या आणि कोठीच्या उंबऱ्यावर बसल्या.

ललितभाऊ हेडफोन लावून बसले होते. काढून ठेवला. तासभर दोन्ही डिस्का तपासल्या आणि म्हणाले, "पहिली डिस्क आतनं सडत गेली. फाईलसिस्टीमचा दोष न्हाई, तिनं बांध राखले. पीक राखायचं तिचं कामच नव्हतं. अन् दुसरी कॉपी तू कधी केलीस?"

"मागच्या वर्षी. जुनी पुसून नवीन केली."

"म्हंजे सडलेल्याची इमानदारीनं कॉपी केलीस."

  लाज वाटली, सरळ सांगतो. उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. सात वर्षांत एकदाही उघडलं नाही.

हिराबाई म्हणाल्या, "मंग बाबा बोलला ते गेलं कुठं?" रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. "येवढं चालला तो त्या दिशी. दम लागत व्हता. म्या म्हनलं बसा, तर बसला न्हाई."

ललितभाऊ उठले. खोलीभर बघितलं, पाटीकडं बघितलं, परत बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दत्ता, माझ्याकडं आहे."

"काय आहे?"

"बाबांचा व्हिडिओ. अख्खा. सात वर्षांपूर्वी तुझी डिस्क आली व्हती दुरुस्तीला. मला परीक्षेला मोठ्ठा, खरा व्हिडिओ हवा व्हता. तुला न विचारता घेतला. म्हणलं आठ दिवसांनी पुसू. मग बघितला. मग पुसवला न्हाई."

 एकेक जुळायला लागलं. गुरुवारची दुपार, हलणारे ओठ, डावीकडं-उजवीकडं जाणारा हात. जाप कसला, माणूस दर गुरुवारी कोंडाजीबाबांबरोबर हद्द चालत होता. ठसा जुळला तरी डोळ्यांनी बघायचं, ही त्यांची शिस्त. आणि दर संवत्सरीला माझ्या दारात जरा जास्त वेळ उभे राहायचे ते का, तेही कळलं.

त्यांनी आमच्यासमोर चारही जुन्या कॉप्या उघडल्या. फॅटवरचं फोल्डरचं नाव कधीच बिघडून भलतीच अक्षरं झाली होती. एनटीएफएसवर बाबा अर्ध्या वाटेत थिजले. ईएक्सटी-फोरवर सगळं शाबूत होतं, "पण ते तिचं तिला माहीत न्हाई," ललितभाऊ म्हणाले. झेडएफएसनं सात वर्षांत दोनदा स्वतःहून सांगितलं होतं की एका डिस्कवरचा तुकडा खराब झालाय, आणि दुसरीवरून दुरुस्त केला होता. तीही तारीख पुठ्ठ्यावर होती. बाबा पहिल्या धोंड्यापासून शेवटच्या हिरड्यापर्यंत चालले. हिराबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की आम्हाला काही दिसेना. आम्हीही सरका म्हणालो नाही.

"एक अडचण आहे," सगळं संपल्यावर ललितभाऊ म्हणाले. "सुनावणीचे साहेब विचारणार, ही फाईल तुमच्याकडं आली कशी. तिथं अख्खा बाजार असतो."

मी म्हणालो, सांगा मी दिली होती. माझी काही हरकत नाही.

"खोटं सांगून खरा पुरावा द्यायचा व्हय?" एवढंच म्हणाले आणि पेनड्राईव्ह शोधायला लागले.

सोमवारी सुनावणीला ते आले. स्वच्छ शर्ट, बगलेत साडीच्या खोक्याचा पिवळा पडलेला पुठ्ठा. खोलीत गर्दी होती, त्यात त्यांची कितीतरी गिऱ्हाईकं. साहेबांनी व्हिडिओ बघितला आणि बरोबर तेच विचारलं, "मध्ये कुणी बदल केला नाही कशावरून?"

ललितभाऊंनी पुठ्ठा पुढं केला. सात वर्षांपूर्वी कॉपी केली त्या दिवशी फाईलचा ठसा काढला होता. आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ, हातानं लिहिलेली, खाली तारीख. "आता तुमच्या मशीनवर ठसा काढा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर व्हिडिओ धरू नका." कारकुनानं काढला. साहेब पडद्यावरचं एक एक अक्षर वाचत गेले आणि ललितभाऊ पुठ्ठ्यावर बोट ठेवून "हां" म्हणत गेले. हिराबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्या फक्त प्रत्येक "हां" ऐकत होत्या. शेवटचं "हां" झाल्यावर खोलीत कुणीतरी खोकलं.

"पण ही फाईल तुमच्याकडं कशी?"

"चोरून घेतली," ललितभाऊ म्हणाले. "ह्यांची डिस्क दुरुस्तीला आली व्हती. न विचारता कॉपी केली आणि ठेवली. दुकानात पाटी आहे की गिऱ्हाईकाची फाईल ठेवत न्हाई. ती पाटी सात वर्षं खोटी व्हती. हे बी लिहून घ्या."

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि लिहून घेतलं. मागं कुजबुज झाली. मला वाटलं, झालं, उद्यापासून ह्या माणसाकडं कोण कपाटाची किल्ली देणार? पण सांगायला बरं वाटतं, एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः डिस्क घेऊन आल्या. पाटी मात्र ललितभाऊंनी उतरवली नाही. तिच्याखाली मार्करनं एक ओळ वाढवली: "एकदा राहिली होती."

पावसाळ्याच्या तोंडाला कागद आला. दावा मंजूर. बाबांनी दाखवलेली हद्द, तिसऱ्या धोंड्यासकट, कायम धरली.

त्या भाद्रपदात संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी ललितभाऊ माझ्याकडं आले. हात जोडले आणि या वेळी "असंल काहीतरी" म्हणाले नाहीत. "तुझी फाईल न विचारता घेतली, त्याची क्षमा," एवढं नीट म्हणाले. मी म्हणालो, केली. तर म्हणाले, "मग गाडी काढ. वर जायचंय. फाईल तुझी, पण आवाज बाबांचा." पेठेच्या गुरुजींनी त्या वर्षीही माफ केलं नव्हतं, त्यामुळं स्वारी खुशीत होती.

ललितभाऊंबरोबर कुठं गेलो ते त्या दिवशी शेवटचं. दिवाळीत डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडं नाशिकला गेले आणि तिकडंच वारले. मला आजही समोरचं दार बंद दिसलं की चुकल्यासारखं होतं. गुरुवारी तर फारच होतं.

त्या दिवशी वाडीत पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. गवत गुडघ्याएवढं. चातुर्मासात हिरवळीवर पाय द्यायचा नाही, जीव चिरडतात, हा त्यांचा नेम, म्हणून ते बांधाच्या दगडावरच थांबले. हिराबाई आल्या. ललितभाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्या बाबांचा आवाज सात वर्षं माझ्याकडं ठेवला, तुम्हाला सांगितलं न्हाई. क्षमा करा."

हिराबाईंना ही रीत माहीत नव्हती.  म्हणाल्या, "मापी कसली, शेठ. तुमी दर गुरवारी बघत व्हता म्हनं. मंग दाखवा की, कसा चालला बाबा."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ललितभाऊंनी चपला काढल्या, आजूबाजूला एकदा बघितलं आणि पहिल्या धोंड्यावर पाय ठेवला. उभ्या आयुष्यात हा माणूस इथं आला नव्हता. दगडावरून दगडावर पाय टाकत निघाला, उजवा हात पुढं करून, आणि बोलायला लागला. शब्द बाबांचे, ठेका बाबांचा. "ह्यो पहिला. हितनं आंब्याकडं त्वांड करायचं. आंब्याला टेकून उभं ऱ्हायलं की वढा दिसतो. वढा उतरायचा न्हाय." आंबा आला, बुंध्याशी दुसरा धोंडा. त्याला टेकले. ओढा दिसला. तिथून पुढं दगड संपले आणि गवत लागलं. ललितभाऊ अडखळले. मग एक एक पाऊल आधी नीट बघून, गवत बाजूला सारून टाकत सात पावलं पुढं गेले आणि थांबले. तिथं काहीच नव्हतं.

"तिसरा," ते म्हणाले. "हितं बाबांनी काठी रोवली. मग खोकला आला. मग म्हणाले, हिरे, पानी आन."

हिराबाई खाली बसल्या. हातानं गवत फाकवलं. खाली ओल्या मातीत धोंडा बसलेला असायची ती वाटोळी खोलगट जागा होती. त्यांनी तिच्यात तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "शेठ, पयल्यापासनं म्हना. परत."

ललितभाऊ वळले आणि पहिल्या धोंड्याकडं चालायला लागले. मी कॅमेरा काढला, कार्डं दोन घातली आणि मागून निघालो. पुन्हा आंबा, पुन्हा ओढा, पुन्हा "हिरे, पानी आन", आणि पार शेवटच्या हिरड्यापर्यंत. तिथं पोचल्यावर त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि नुसतं कॅमेऱ्याकडं बोट केलं. लाल दिवा लुकलुकत होता. तो पूर्ण विझेपर्यंत मी कार्डाला हात लावला नाही.